जुलैत मालवणला यावं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मे महिन्यात रजा जमली नाही, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस मोकळे आहेत आणि खोल्या जवळपास निम्म्या दरात मिळतायत. पुण्याहून तुम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेले सत्तरीतले वडील असे चौघं येणार. डोक्यात आहे तारकर्लीचं स्कूबा, सिंधुदुर्ग किल्ला, समुद्रात डुंबणं आणि पोटभर मासे. यायचं, की पैसे पाण्यात जातील?

मालवण तालुक्यात आम्ही अठरा वर्षं घरगुती निवास चालवतो. चार खोल्या आहेत, स्वयंपाक मी आणि माझ्या जाऊबाई करतो. हा प्रश्न दर जूनमध्ये फोनवर येतो आणि मी दर वेळी आधी हेच सांगते: तुम्ही लिहिलेल्या या चार गोष्टींसाठी जुलैत येऊ नका. पहिल्या तीन तेव्हा होणारच नाहीत आणि चौथी तुमच्या मनात आहे तशी होणार नाही. मात्र जुलैतलं मालवण वाईट आहे असा याचा अर्थ घेऊ नका. ते दुसरंच गाव असतं, आणि ते बघायला यायचं असेल तर तयारीही दुसरी लागते.

घोळ 'ऑफ-सीझन' या शब्दात आहे. मे, दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते नववर्ष सोडलं की उरलेल्या सगळ्या वर्षाला हा एकच शब्द चिकटवतात. पण जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी यांत साम्य एवढंच की खोल्या रिकाम्या असतात. समुद्र, रस्ते, ताटातलं जेवण, घरमालकाची सवड, सगळं वेगळं. म्हणून स्वस्त कधी आहे हे नंतर बघू. तुम्हाला समुद्र हवाय की पाऊस, हे आधी ठरवा. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत.

समुद्रापासून सुरुवात करते. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत इथलं जलपर्यटन बंद असतं. स्कूबा, पॅरासेलिंग, देवबागच्या संगमाकडच्या फेऱ्या आणि मालवण जेटीवरून सिंधुदुर्गला जाणाऱ्या होड्या, सगळंच. किल्ला कुरटे बेटावर आहे, त्यामुळे होडी बंद म्हणजे किल्लाही बंद. महाराजांनी 1664 मध्ये बांधायला घेतलेला तो तट तुम्हाला जुलैत किनाऱ्यावरून दिसेल, लाटा त्यावर आदळून उंच उडतानाही दिसतील, पण आत पाऊल टाकता येणार नाही. कुणी 'माझी ओळख आहे, मी नेतो' म्हणालं तर त्याच्या होडीत बसू नका. मे 2022 मध्ये स्कूबाहून परतणारी बोट तारकर्लीजवळ बुडाली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. तेव्हा बंदी लागायला थोडेच दिवस उरले होते. समुद्र तारखा बघून खवळत नाही. 2025 मध्ये तर मोसमी पाऊस 25 मेलाच दक्षिण कोकणात पोचला, आणि महिनाअखेरीस येणारे आमचे पाहुणे किनाऱ्यावर उभं राहून परत गेले.

'होडी नको, कडेकडेने पाय तरी भिजवू', असं सगळेच म्हणतात. एका जुलैत आमच्याकडे घाटावरचं एक कुटुंब आलं होतं. वडील पोरीचा हात धरून पाण्यात उभे होते, पाणी घोट्याच्या जरा वर. लाट परतताना त्यांची रबरी चप्पल सुटली. इतर दिवसांत ती पुढच्या लाटेबरोबर वाळूवर आली असती. त्या दिवशी ती सरळ आत गेली. मी मनात आकडे मोजत होते, दहा होईपर्यंत ती फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे निळ्या ठिपक्याएवढी दिसत होती. त्यांनी पोरीला उचललं आणि काही न बोलता मागे आले.

ते उभे होते ती जागा दिसायला सगळ्यात शांत होती. दोन्ही बाजूंना लाटा फुटून फेस येत होता आणि मधला पट्टा गडद, बिनफेसाचा. अनोळखी माणूस नेमका तिथेच उतरतो. लाटांनी किनाऱ्यावर चढवलेलं पाणी परत जायला जिथे वाट शोधतं, तोच हा पट्टा. तिथे वाळू खणली गेलेली असते आणि ओढ आतल्या दिशेने असते. त्यात कधी सापडलातच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नसतं, किनाऱ्याला समांतर आडवं पोहून पट्ट्याच्या बाहेर पडायचं असतं. पावसाळ्यात किनाऱ्याची वाळूही समुद्र ओढून नेतो, उतार उभा होतो, आणि डिसेंबरात गुडघाभर पाणी असलेल्या जागी माणूस बुडेल एवढं होतं. वाळू हिवाळ्यात हळूहळू परत येते. म्हणून माझा नियम साधा आहे: जून ते ऑगस्ट पाहुण्यांची पोरं ओल्या वाळूवर नाहीत, कोरड्या वाळूवर.

आता मासे. यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारीबंदी असते, कारण हा बऱ्याच माशांचा अंडी घालण्याचा काळ. तेव्हा ताटात येणारा सुरमईचा मोठा तुकडा बहुतेक वेळा बर्फातला किंवा दुरून आलेला असतो. खोटं कशाला सांगू, मी स्वतः त्या दिवसांत सुरमई करत नाही. खाडीतली काळुंदरं, गुंजल मिळाली तर करते, कुर्ल्या करते. एरवी सुका बांगडा, सोडे, कुळथाची पिठी, घावणे. टाकळा, फोडशी, भारंगी या भाज्या तेव्हाच उगवतात, आणि नशीब असेल तर रानातली अळंबी. ज्यांना हे आवडतं ते पाहुणे मुद्दाम जुलैत येतात. पण तुमची मुलगी 'तळलेली सुरमई' म्हणून हट्ट धरणार असेल तर तिचा हिरमोड होईल.

पावसाचंही सांगते. तुमचा दुसरा आठवडा पुनर्वसू नक्षत्रात येतो. आमच्याकडे त्याला तरणा पाऊस म्हणतात, त्यानंतरच्या पुष्याला म्हातारा. सासूबाई जुलै लागला की ओट्यावर बसून म्हणतात, 'तरणो पाऊस इलो.' हा शहरातल्यासारखा तासभर पडून उघडणारा पाऊस नसतो. कधी तीन-तीन दिवस झड लागते. समुद्र दीड-दोन किलोमीटरवर असूनही रात्रभर त्याची गाज घरात ऐकू येते. वीज जाते, कधी दोन तास, कधी झाड तारांवर पडलं तर दिवसभर. मोबाइलचं नेटवर्कही तिच्यामागून जातं. कपडे वाळत नाहीत, अंथरुणाला ओल येते. म्हणून खोली बघताना एसी आहे का हे विचारू नका. इन्व्हर्टर आहे का, कपडे वाळवायला पडवी आहे का, न्हाणीत गरम पाणी विजेवर आहे की चुलीवर, हे विचारा.

वडिलांच्या गुडघ्यांमुळे मला खरी काळजी वाटते ती पाखाड्यांची. इथली जुनी घरं, देवळं, किनाऱ्याच्या वाटा सगळीकडे जांभ्या चिऱ्याच्या पायऱ्या आहेत आणि जुलैत त्यांवर हिरवं शेवाळ चढतं. आम्ही आठवड्यातून दोनदा ब्लिचिंग टाकून घासतो, तरी मी स्वतः एकदा अंगणातच घसरून मनगट मोडून घेतलंय. घरासमोर गाडी थेट उभी राहते का, खोली तळमजल्यावर आहे का, आत-बाहेर किती पायऱ्या आहेत, हे मालकाकडून स्पष्ट विचारून घ्या. 'थोड्याशा आहेत' हे उत्तर मानू नका, आकडा मागा.

लेप्टोबद्दल (लेप्टोस्पायरोसिस) कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. सिंधुदुर्गात पावसाळ्यात हा ताप येतो. उंदीर-गुरांच्या मुतातून जंतू साचलेल्या पाण्यात आणि चिखलात येतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. लावणीच्या चिखलात उतरायला पोरांना फार आवडतं, आणि त्यांनी उतरावं असं मलाही वाटतं, पण पायाला खरचटलं असेल तर नाही. आल्यावर साबणाने पाय धुवायचे. घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'कोकणात चिखलात उतरलो होतो' हे आपणहून सांगायचं. या तापात वेळेवर निदान झालं तर औषध साधं असतं. दुसरं, अंधारात विजेरीशिवाय आणि बंद बुटांशिवाय बाहेर पडू नका. इथे फुरसं हा विषारी साप असतो, तो लहान असतो आणि पाचोळ्यात दिसत नाही.

एवढं सगळं ऐकून घाबरवते आहे असं वाटेल. पण आता दुसरी बाजू ऐका, कारण मला स्वतःला वर्षातला हाच काळ सगळ्यात आवडतो. मालवणहून चौकेमार्गे कुडाळकडे जाताना धामापूरचा तलाव लागतो, 1530 च्या सुमाराचा. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. मेमध्ये लोक तिथे पाच मिनिटं थांबतात. जुलैत तो काठोकाठ असतो, भगवतीच्या देवळाच्या पायऱ्यांना पाणी लागलेलं असतं आणि पलीकडच्या झाडीवर ढग टेकलेले असतात. तुमचे वडील तिथे सभामंडपात दोन तास बसून राहतील. कणकवलीजवळचा सावडावचा धबधबा आहे, सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने गोल पत्ते, रंगवणारे कारागीर बघता येतात, चितारआळीत लाकडी खेळणी. पावसाने झोडपलेला दिवस सावंतवाडीत छान जातो.

आणि आंबोली. तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शनिवार-रविवारी मुख्य धबधब्यापाशी गाड्यांची रांग आणि गोंगाट असतो, तेव्हा मुळीच जाऊ नका. मंगळवार-बुधवारी जा आणि हिरण्यकेशीच्या उगमापर्यंत जाऊन या. तिथल्या पाण्यातल्या एका छोट्या माशाची 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी नवी जात म्हणून नोंद केली, नाव त्या नदीवरूनच ठेवलं, आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. रात्री माहीतगार वाटाड्याबरोबर बेडूक बघायला जाता येतं. सात वर्षांच्या मुलीला स्कूबापेक्षा ते जास्त लक्षात राहील. तसंही तिला स्कूबा करता येणार नाही, प्रशिक्षण देणाऱ्या मोठ्या संस्था समुद्रातल्या स्कूबासाठी किमान दहा वर्षं वय धरतात. 'लहान मुलांनाही नेतो' म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करा. तिच्यासाठी स्नॉर्केलिंग, तेही हिवाळ्यात.

प्रवासाचं बरंच काही तुम्ही कसे येता त्यावर आहे. गाडीने कोल्हापूरमार्गे आलात तर फोंडा, करूळ, भुईबावडा, आंबोली यांतला एक घाट उतरावा लागेल. दरड पडली की घाट बंद होतो आणि तुम्हाला दुसऱ्याला वळसा घालावा लागतो, म्हणून त्या सकाळी घरमालकाला फोन करून कोणता चालू आहे हे विचारा. घाट दुपारी चारच्या आत उतरलेला असावा, धुक्यात आणि अंधारात नको. कड्याखाली गाडी थांबवून फोटो काढू नका. रेल्वे त्या मानाने निश्चिंत. पनवेलहून बसायचं, कुडाळला उतरायचं, तिथून मालवण तासाभराच्या आत. मात्र जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरात बदलेपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालतं. गाड्यांचा वेग मुद्दाम कमी ठेवतात, मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर ताशी 40 किलोमीटरवर आणतात. दोन-तीन तास उशीर धरूनच चला आणि परतल्यावर लगेच दुसऱ्या सकाळी ऑफिस ठेवू नका.

आता तुमच्या मूळ यादीकडे. ती पुरी व्हायची असेल तर माझा सल्ला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा किंवा डिसेंबरचा पहिला पंधरवडा, गुरुवार ते रविवार. मुलीची दोन दिवस शाळा बुडेल, बुडू द्या. दिवाळीची गर्दी ओसरलेली असते, नाताळची आलेली नसते. पावसात नद्यांनी आणलेला गाळ तोवर बसलेला असतो, त्यामुळे पाण्याखाली स्वच्छ दिसतं. ताजा बांगडा, सुरमई मिळते. तुळशीच्या लग्नानंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि रात्री दशावताराचं नाटक असतं. देवळासमोर गोधडी घेऊन बसायचं, त्यातला संकासुर राक्षस आला की मुलगी तुमच्या मांडीत शिरेल. दर मेपेक्षा बरेच खाली असतात, जुलैएवढे नाही.

किल्ल्याला वडिलांना नेताना भरती बघा. ओहोटीत होडी जेटीच्या पायऱ्यांपेक्षा खूप खाली लागते आणि गुडघ्यांवर जोर देऊन चढावं लागतं. आमच्याकडचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला सहाच्या सुमारास, द्वादशीला नऊच्या. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान भरती येईल असे दिवस निवडलेत तर वडील सहज चढतील.

जानेवारीही उत्तम, फक्त 26 जानेवारीला जोडून येणारी सुट्टी टाळा. फेब्रुवारीत येणार असाल तर आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख आधी विचारा. ती पंचांगात सापडत नाही, देवीचा कौल घेऊन गावकरी ठरवतात, आणि त्या दोन दिवसांत लाखो माणसं येतात. जत्रेसाठी यायचं असेल तर खुशाल या, पण शांतता हवी म्हणून त्याच तारखांना येऊन फसलेली माणसं मी पाहिली आहेत. ऑक्टोबर मी सुचवत नाही. ऊन भाजतं, दुपारनंतर गडगडाट होतो, आणि भातकापणीत आम्ही सगळे शेतात असतो. गणपतीत तर येऊच नका. रेल्वेची तिकिटं 60 दिवस आधी खिडकी उघडली की काही मिनिटांत संपतात आणि आमच्याच घरात मुंबईची बावीस माणसं असतात.

नोव्हेंबरपर्यंत थांबायचं नसेल आणि पाऊसही बघायचाच असेल, तर जुलैऐवजी ऑगस्टचा दुसरा पंधरवडा बघा, गणपतीच्या किमान आठवडाभर आधी. मघा नक्षत्र लागलेलं असतं, पाऊस सरींवर येतो, मधे स्वच्छ ऊन पडतं, लावणी झालेली शेतं हिरवी गर्द असतात. होड्या अजून बंद, पण मासेमारी सुरू झालेली असते आणि मालवणच्या बंदरावर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला जातो. त्या दिवशी इथे असलात तर संध्याकाळी जेटीवर जा.

आणि रजा बदलत नसेल, जुलैच पक्का असेल, तर स्कूबा-किल्ल्याचं नाव मनातून काढून या. चारऐवजी पाच दिवस धरा, म्हणजे दोन दिवस झडीत गेले तरी धामापूर आणि आंबोली होईल. आगाऊ पैसे देण्याआधी मालकाला एकच विचारा: घाट किंवा गाडी बंद पडून पोचता आलं नाही तर तारीख बदलून मिळेल का? 'हो' म्हणाला तर ते मेसेजवर लिहून घ्या. सामानात प्रत्येकाचा कपड्यांचा एक जास्तीचा जोड, बंद बूट, विजेरी, वडिलांची औषधं आठवडाभर पुरतील एवढी आणि मुलीसाठी छत्रीऐवजी रेनकोट. इथल्या वाऱ्यात छत्री पहिल्याच दिवशी उलटी होते.